जळगावात नवे आहात? मग गल्लीतल्या हॉटेलात जेवायला असं बसा

आमच्या ऑफिसात दर जूनला बदलीची माणसं येतात. कुणी कोल्हापूरचं, कुणी रत्नागिरीचं, मागच्या वर्षी तर एकजण थेट बेळगावहून आले. खोली मिळेपर्यंत लॉजवर राहायचं, दोन दिवस पोह्यांवर काढायचे आणि तिसऱ्या दिवशी दुपारी माझ्या टेबलापाशी येऊन विचारायचं, "इथं जेवायला चांगलं हॉटेल कोणतं हो?" मी नाव सांगत नाही. एकाच हॉटेलात एकजण तृप्त होऊन उठतो आणि दुसरा डोळे पुसत उठतो, हे मी इतक्यांदा पाहिलंय की नाव सांगण्यात अर्थ वाटत नाही. कधी गेलात, काय मागितलं आणि समोर आलेलं कसं खाल्लं, यावर सगळं अवलंबून आहे. म्हणून पहिल्या वेळी मी सोबत जातो. ज्यांच्यासोबत जाता येत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. आपल्याकडे हॉटेल म्हणजे खाण्याची जागा, राहण्याची ती लॉज. हॉटेलांतही प्रकार आहेत. महिन्याचे पैसे भरून जेवता येतं ती मेस किंवा खानावळ, तिथं घरच्यासारखी पोळी-भाजी मिळते आणि तक्रारीही घरच्यासारख्याच कराव्या लागतात. भरीत सेंटर हे खास इकडचं प्रकरण, त्याबद्दल पुढे. आणि तिसरं म्हणजे साधं, गल्लीतलं, सात-आठ टेबलांचं हॉटेल, जिथं शेवभाजी मिळते. हा लेख मुख्यतः या तिसऱ्याबद्दल आहे.

कुठं शिरायचं

पाटी वाचून ठरवू नका. "अस्सल खान्देशी थाळी" असं मोठ्या अक्षरांत लिहून खाली पनीर टिक्क्याचा फोटो लावलेला असेल तर मी पुढे चालू लागतो. हा माझा पूर्वग्रह आहे, पण तो अजून फारसा चुकलेला नाही.

दुपारी एकच्या सुमारास दारातून आत नजर टाका. फुले मार्केटातल्या दुकानांतली पोरं, रिक्षावाले, पिंप्राळ्याकडचे हातात पिशवी घेतलेले दोन म्हातारे अशी गर्दी असेल, तर बेलाशक शिरा. ही माणसं रोज जेवतात, एकदाच नाही. मग कान द्या. भाकरी थापल्याचा थपथप आवाज येतोय का? भाकरी करणाऱ्या मावशी दिसतील अशा जागी बसल्या असतील तर बाकी काही बघायची गरज नाही. भाकरी आतून कुठूनतरी डब्यात भरून येत असेल, तर ती सकाळची आहे असं समजा आणि पोळी मागा.

एक सरकारी खूणही सांगतो. गल्ल्याच्या मागच्या भिंतीवर अन्न परवान्याचा कागद फ्रेम करून टांगलेला असतो, त्यावर एफएसएसएआयचा 14 आकडी नंबर असतो. 2022 पासून तो बिलावरही छापणं सक्तीचं आहे. गणपतीच्या तसबिरीखाली उदबत्तीच्या धुरानं काळवंडलेला का होईना, तो कागद असावा.

वेळ

दुपारचं जेवण बारा ते अडीच. त्यानंतर गेलात तर खुर्च्या टेबलांवर उलट्या दिसतील आणि पोऱ्या बाकावर झोपलेला. संध्याकाळी सातपर्यंत जेवण मिळत नाही. मे महिन्यात तर बाराच्या ठोक्यालाच जाऊन या, पारा 44-45 ला टेकलेला असताना भर दुपारी काळ्या मसाल्याचा रस्सा खाणं हे आमच्यासारख्या इथं जन्मलेल्यांचं काम.

शेवभाजी रात्रीची चांगली, असं माझं मत आहे. रस्सा सकाळी होतो, दिवसभर मंद आचेवर बसतो आणि रात्री आठ-नऊपर्यंत मसाला मुरून वर लाल तर्री नीट सुटते. दुपारी मसाला वांगं, पाटोडीची भाजी, डाळ असं काही घ्या.

बसायचं कसं

टेबल रिकामं मिळेलच असं नाही. चारजणांच्या टेबलावर दोघं जेवत असतील तर "इथं कुणी येतंय का?" एवढं विचारायचं आणि बसायचं. पुण्या-मुंबईकडच्यांना हे अवघड जातं, ते दारात उभे राहतात आणि मालकाला वाटतं की यांना कुणाला तरी शोधायचंय. समोरचा माणूस "जेवण झालं का?" विचारेल, किंवा धुळ्याकडचा, अहिराणी बोलणारा असेल तर "जेवन व्हयनं का?" हे जेवायला बसलेल्या माणसालाच विचारतात, त्यात विनोद नाही. तो आपला नमस्कार आहे. "बसलो आत्ताच" म्हणायचं.

कुटुंबासोबत असाल तर मागे किंवा माडीवर "फॅमिली रूम" असते. तिथं पंखा बरा असतो, कधी एसीही, आणि मग दरही वेगळे असतात. बसण्याआधी विचारून घ्या, बिल आल्यावर नाही.

हाक कशी मारायची हेही महत्त्वाचं आहे. "वेटर" म्हणून ओरडलात की अख्खं हॉटेल वळून बघतं. वाढणाऱ्याला "भाऊ" किंवा "दादा", पोरगा लहान असला तरी. भाकरीवालीला "मावशी". गल्ल्यावर वयस्कर माणूस असेल तर चार दिवस ऐका, सगळे त्याला काय म्हणतात ते कळेल: आबा, नाना, आप्पा, बापू यांपैकी काहीतरी असणारच. पाचव्या दिवसापासून तुम्हीही तेच म्हणा. सहाव्या दिवशी तुमच्या ताटात कांदा न मागता येतो की नाही बघा.

मागायचं काय

मेनूकार्ड असतं. प्लास्टिकमध्ये घातलेलं, चार पानी, त्यात चायनीजही असतं. ते वाचायला हरकत नाही, पण त्यावरून मागू नका. "काय आहे भाऊ आज?" असं विचारा. तो एका दमात म्हणेल:

"शेवभाजी, मसाला वांगं, पाटोडी, डाळ तडका, मेथी, भाकरी, पोळी, जिरा राइस."

यात ज्याचं नाव पहिलं घेतलं ते हॉटेलचं हुकमी. ज्याच्याआधी तो क्षणभर थांबला ते दुपारचं उरलेलं. हे शास्त्र नाही, वीस वर्षांची सवय आहे.

दोघं असाल तर एक शेवभाजी फुल, एक डाळ किंवा कोरडी भाजी आणि भाकरी. भाकऱ्या एकदम चार सांगू नका. "एक-एक गरम येऊ द्या" म्हणा. भाकरीतही विचारा, ज्वारीची की कळण्याची. कळणा म्हणजे ज्वारीत सालासकट उडीद आणि मीठ घालून दळलेलं पीठ. ही भाकरी करडी-काळसर दिसते, त्यामुळे नवा माणूस ती करपलीय म्हणून परत पाठवतो. परत पाठवू नका. तिला आधीच मीठ आणि उडदाचा खमंगपणा असतो, नुसत्या ठेच्याबरोबर आणि वर कच्च्या शेंगदाणा तेलाची धार घेऊनही ती संपते. थंडीत बाजरीचीही मिळते.

पाटोडी म्हणजे शिजवलेल्या बेसनाच्या वड्या, काळ्या मसाल्याच्या रश्श्यात सोडलेल्या. डुबुकवडे हे तिचे चुलतभाऊ. उकळत्या रश्श्यात पीठ थेट हातानं सोडतात, ते डुबुक करून बुडतं म्हणून हे नाव. हॉटेलात डुबुकवडे क्वचित मिळतात. पाटीवर दिसले तर बाकीचं विसरा आणि तेच मागा.

शेवभाजी समोर आल्यावर

इथं जरा थांबू, कारण नव्या माणसाची सगळ्यात मोठी चूक इथंच होते.

तुमच्यासमोर दोन भांडी येतील. एका वाटीत काळपट-लाल रस्सा, वर बोटाच्या पेराएवढी तर्री. दुसऱ्या बशीत जाड, लालसर तिखट शेव. ही फरसाणातली बारीक शेव नव्हे. रश्श्यात टिकायची म्हणून ती मुद्दाम जाड पाडतात, बेसनात ओवा आणि तिखट घालून. काही हॉटेलांत शेव रश्श्यात घालूनच आणतात. तसं असेल तर पुढच्या वेळी "शेव वेगळी द्या" म्हणून सांगा.

आता शेव एकदम ओतायची नाही. रत्नागिरीचे आमचे साहेब पहिल्या दिवशी अख्खी बशी वाटीत उपडी करून फोनवर बोलायला बाहेर गेले. सात-आठ मिनिटांनी आले तेव्हा वाटीत रस्साच नव्हता. शेवेनं तो सगळा पिऊन टाकला होता आणि वाटीत एक लालसर, फुगलेला लगदा बसला होता. त्यांनी तो चमच्यानं खाल्ला आणि मला म्हणाले, "तुमच्याकडे याला भाजी म्हणतात?" मी दुसरा रस्सा मागवला, काय करणार.

नीट रीत अशी: मूठभर शेव रश्श्यात टाका, भाकरीचा तुकडा मोडा, तोपर्यंत शेव बाहेरून मऊ आणि आतून किंचित कुरकुरीत अशी होते. तेवढी खा. मग पुढची मूठ. शेवटी थोडा रस्सा उरवा आणि त्यात भाकरी चुरा. कांदा हातानं फोडून, लिंबू वरून. चमचा मागितला तर देतील, पण भाकरीचा तुकडा हाच चमचा आहे.

रस्सा संपला आणि शेव उरली तर "रस्सा द्या थोडा" म्हणता येतं. कुठं फुकट देतात, कुठं जादा रश्श्याचे पैसे लावतात. आधी विचारण्यात लाज नाही.

तिखटाचं काय करायचं

"कमी तिखट करा" असं सांगून काहीही होत नाही. वाढणारा "हो" म्हणतो, आत जातो आणि त्याच पातेल्यातून तोच रस्सा आणतो. दुसरं तो करणार काय? कांदा भाजून काळा होईतो, सुकं खोबरं, लसूण आणि काळा मसाला वाटून पहाटे एकच पातेलं चढवलेलं असतं, तुमच्यासाठी दुसरं नाही. त्याच्या हातात असलेलीच गोष्ट मागा. "तर्री कमी, खालचा रस्सा द्या" म्हणा. तिखटपणा तेलात उतरतो, तेल वर तरंगतं, त्यामुळे डाव खालून घातला की अर्धा प्रश्न तिथंच सुटतो. वाटीत आली असेल तर चमच्यानं वरची तर्री काढून बशीत ठेवा, समोरचा कुणीतरी ती आनंदानं मागून घेईल.

आणि तिखट लागलंच, तर पाणी पिऊ नका. मिरचीतला तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, उलट तोंडभर पसरतो. ताक किंवा दही मागा. नसेल तर भाकरीचा कोरडा तुकडा चावत बसा. बाहेर केळीची गाडी असतेच. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण आम्हा लोकांना तिचा उपयोग शेवभाजीनंतर काय होतो हे त्याच्याही आधीपासून माहीत आहे.

भरीत: हंगाम बघून

भरीताच्या वांग्यालाही त्याच वर्षी मानांकन मिळालं. जांभळं वांगं डोक्यातून काढून टाका. आमचं भरीताचं वांगं फिकट हिरवं, त्यावर पांढरे पट्टे, मोठं, आणि आत बिया कमी. असोदा, भादली, बामणोद या गावांची नावं बाजारात ऐकाल, विकणारा ती अभिमानानं सांगतो.

हंगाम थंडीचा. चातुर्मासात वांगं न खाणारी बरीच घरं इथं आहेत. आषाढातल्या कांदेनवमीला शेवटचं खाऊन घेतात आणि चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवल्यावरच पुन्हा सुरू करतात. त्या सुमारास, म्हणजे नोव्हेंबरच्या शेवटी-डिसेंबरात, शहराच्या कडेला शेकोटीसारखा धूर दिसू लागतो. पऱ्हाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांवर, वांगी भाजलेली असतात. गॅसवर भाजलेल्या वांग्याला तो वास येत नाही, कितीही सांगितलं तरी.

मी स्वतः एकदा ऑगस्टमध्ये पाहुण्यांना भरीत खायला नेलं होतं. फुशारकी मारायची होती. हॉटेलचं नाव सांगत नाही, चूक त्याची कमी आणि माझीच जास्त. पाणचट, बियांनी भरलेलं काहीतरी आलं, वर तेल ओतून चकचकीत केलेलं. पाहुणे सज्जन होते, "छान आहे" म्हणाले आणि पोळी डाळीला लावून खाल्ली. तेव्हापासून डिसेंबर ते फेब्रुवारी सोडून मी हॉटेलात भरीत मागत नाही.

भरीत सेंटरला जाल तेव्हा लक्षात ठेवा, तिथं ते वजनावर मिळतं. दोघांना पाव किलो पुरतं, अर्धा किलो म्हणजे रात्रीचंही झालं. भाजलेलं वांगं सोलून लाकडी भांड्यात ठेचतात, हिरव्या मिरच्या आणि लसूण ठेचून घालतात, मग तेलात जिरं, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, वर भरपूर कांद्याची पात आणि कोथिंबीर. टोमॅटो नाही, लाल तिखट नाही. रंग हिरवट असतो, त्यामुळे सौम्य वाटतं. सौम्य नसतं. सोबत कळण्याची पुरी किंवा भाकरी, आणि कांद्याची पात मुळासकट, ती दातानं तोडून खायची. थंडीत लोक शेतात भरीत पार्टी करतात. कुणी बोलावलं तर अगदी ओळखीचं नसलं तरी जा.

वरण-बट्टी

बट्टी म्हणजे गव्हाच्या पिठाचा भाजलेला किंवा तळलेला गोळा. ही रोज मिळत नाही, बऱ्याच ठिकाणी ठरलेल्या वारीच असते, "बट्टी कोणत्या दिवशी?" असं विचारून ठेवा. ती तोडायची, बोटांनी अगदी चुरायची, वर गरम वरण, त्यावर तूप, आणि बाजूला वांग्याची घोटलेली भाजी. अख्खी बट्टी वरणात बुडवून चावू बघणारे लोक मी पाहिलेत. दोन बट्ट्या पुरतात. तिसरी घेतलीत तर दुपारी ऑफिसला दांडी.

मांसाहारी असाल तर काळ्या मसाल्याचं मटण बहुतेक रात्री आणि वेगळ्या हॉटेलांत. गल्लीतली बरीच हॉटेलं शुद्ध शाकाहारी असतात, तिथं अंड्याबद्दलही विचारू नका, पाटी दारावरच असते.

बिल

बिल टेबलावर आलं नाही तर वाट बघत बसू नका. हात धुवा आणि गल्ल्याकडे चला. वाढणारा लांबूनच ओरडतो, "दोन माणसं, शेवभाजी फुल, डाळ, पाच भाकरी!" आणि मालक तोंडानंच बेरीज करतो. भाकऱ्या तुम्हीही मोजत चला. तो मुद्दाम चुकवत नाही, पण गर्दीत शेजारच्या टेबलाची एक भाकरी तुमच्याकडे येते.

जीएसटी लावणारं हॉटेल असेल तर साध्या हॉटेलाला 5 टक्के. छोटी हॉटेलं कंपोझिशन योजनेत, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्क्यानं कर भरायच्या योजनेत असतात, त्यांना गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेता येत नाही. कागदाच्या चिटोऱ्यावर हातानं आकडे आणि खाली "जीएसटी" असं दिसलं तर नंबर विचारा. सर्व्हिस चार्ज इकडे कुणी लावत नाही, टिपही सक्तीची नाही. दहा रुपये बडीशेपेच्या वाटीजवळ ठेवले तर पोऱ्याला मिळतात. फोनवरून पैसे सगळीकडे चालतात, पण नेटवर्क गेलं की मालक वैतागतो, शंभराच्या दोन नोटा खिशात असू द्या.

पार्सल

रस्सा प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून देतात आणि शेव कागदात. दोन्ही वेगळंच हवं, रश्श्यात शेव घालून दिलेलं पार्सल घेऊ नका, घरी पोचेपर्यंत रत्नागिरीकरांचा लगदा होतो. पिशवीची गाठ सोडायचा प्रयत्न करू नका, ती सुटत नाही. पिशवी खोलगट पातेल्यात उभी ठेवा आणि कोपरा कात्रीनं कापा. हे करताना अंगात ऑफिसचा पांढरा शर्ट नको. काळ्या मसाल्याचा डाग साबणाला दाद देत नाही, माझ्या दोन शर्टांवर तो अजून आहे.